उंड्रीच्या जड पाण्यावर बसवलेला सॉफ्टनर: चौदा महिन्यांनंतर

गौरीजेवणाच्या आदल्या दिवशी मी पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या माहेराहून पाण्याचे दोन कॅन स्कूटरवर आणायची. वीस-वीस लिटरचे, एक पायापाशी आणि एक मागे बांधून. सलग पाच वर्षं. उंड्रीच्या आमच्या नळाच्या पाण्यात पुरणाची डाळ शिजायची, पण मिळून यायची नाही. सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा बोटांत दाबला की मध्ये कणी लागायची, आणि पुरणयंत्रात मागे उरलेला चोथा बघून जीव हळहळायचा. माहेरच्या खडकवासल्याच्या पाण्यात तीच डाळ, तोच कुकर, तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी.

हे आधी सांगते, कारण सॉफ्टनरबद्दल, म्हणजे जड पाणी मऊ करणाऱ्या मशीनबद्दल, जे वाचायला मिळतं ते बहुतेक केसांबद्दल आणि बाथरूमच्या टाइल्सबद्दल असतं. मी घरून डबे देते, रोज बावीस. माझ्यासाठी पाणी म्हणजे आधी स्वयंपाक. गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही पूर्ण फ्लॅटच्या लाइनवर ऑटोमॅटिक सॉफ्टनर बसवला. एक उन्हाळा आणि दीड पावसाळा त्याच्यासोबत काढल्यावर आता लिहिते आहे.

मशीन असं आहे: २५ लिटर रेझिन (पाणी मऊ करणारे बारीक मणी) भरलेली उभी टाकी, तिच्या डोक्यावर स्वतःहून फिरणारा व्हॉल्व, शेजारी मिठाची टाकी आणि सगळ्यांच्या आधी एक गाळाचा फिल्टर. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या बाजूला बसलं. मशीनचे ३८,५०० रुपये, प्लंबिंगचे ४,२०० वेगळे. मशीनला मी ५ पैकी ४ देईन. विकताना जी माहिती मिळाली तिला २. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या जातीच्या सगळ्या मशीनचं आतलं काम एकाच तत्त्वावर चालतं आणि माझे अनुभव त्यातल्या कुठल्याही मशीनला लागू पडतील.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मोजण्याची आहे, आणि त्यातच माझी दोन वर्षं वाया गेली.

घरी जो कोणी पाण्याचं काही विकायला यायचा, तो खिशातून टीडीएसचं पेन काढायचा. पेन आमच्या नळाखाली ७२० दाखवायचं, आणि आम्ही घाबरायचो. पण टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून, साध्या मिठासकट. डाळ अडवतात, साबण फाडतात आणि गिझरमध्ये खडू साठवतात ते त्यातले दोनच: कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. शाळेच्या पुस्तकात ‘दुष्फेन पाणी’ म्हणतात ते हेच. त्याचं मोजमाप वेगळं असतं, इंग्रजीत हार्डनेस, आपण जडपणा म्हणू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. टीडीएसचे आकडे याहून निराळे, ५०० आणि २०००. एकावरून दुसरा ओळखता येत नाही.

मोजायचं किट काहीशे रुपयांना ऑनलाइन मिळतं. बाटलीत ठरलेलं पाणी घ्यायचं, रंगाची पूड टाकायची, पाणी लालसर जांभळं होतं. मग दुसऱ्या बाटलीतलं द्रावण थेंब थेंब सोडत, हलवत, थेंब मोजायचे. पाणी स्वच्छ निळं झालं की थांबायचं. माझ्या किटमध्ये एक थेंब म्हणजे २५ मिलिग्रॅम. मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती. तिने बघितलं आणि म्हणाली, “आई, हे तर आमच्या केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला आहे, ईडीटीएचं टायट्रेशन.” तिने मग बाबांसकट सगळ्यांना ओट्यापाशी उभं करून करून दाखवलं.

आमचा नळ: १९ थेंब. म्हणजे ४७५. माहेरच्या नळाचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं, ते दुसऱ्याच थेंबाला निळं झालं. एकाच शहरातली दोन घरं. तिकडे खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघरचं पाणी. सह्याद्रीच्या उतारावरून पावसाळ्यात धावत येतं, खडकाच्या पोटात फार काळ राहत नाही. आमच्याकडे बोअर आणि टँकर मिळून. बोअरचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन काळ्या पाषाणाच्या फटींतून मुरत खाली जातं, आणि मुरताना कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवून सोबत आणतं. टँकर कुठल्या विहिरीवर भरला यावर आमचा आकडा रोज हलतो. एप्रिलमध्ये मी २२ थेंबही मोजलेत, आणि मागच्या ऑक्टोबरमध्ये १४.

किट आधी घेतलं असतं तर शॉवरचा फिल्टर घेतला नसता. २,२०० रुपये. नळ आणि शॉवर यांच्या मध्ये बसवायचा, आत रंगीत थर. जाहिरातीत ‘हार्ड वॉटर’ हे शब्द होते. किट आल्यावर फिल्टरच्या आधीचं आणि नंतरचं पाणी मोजलं: १९ आणि १९. असले फिल्टर क्लोरीन कमी करतात, थोडा गाळ अडवतात. कॅल्शियम धरून ठेवायला लागणारं रेझिन त्या मुठीएवढ्या डबीत मावत नाही. मावलं तरी लगेच भरून जाईल आणि त्याला मिठाने धुवायची सोयच नाही. मुलीने केसांसाठी म्हणून तो हट्टाने मागितला होता, आणि चार महिने ती ‘बरं वाटतंय’ म्हणत राहिली, हे आठवलं की मला त्या जाहिरातीचा राग येतो.

दुसरी गोष्ट सोसायटीच्या प्लांटची. पंप रूममध्ये माणसापेक्षा उंच सॉफ्टनर आहे, बिल्डरने दिलेला. मग घरात हे पाणी कसं? एका रविवारी मी किट घेऊन खाली गेले. प्लांटमध्ये जाणारं पाणी १९ थेंब, बाहेर येणारं १८. मीठ आठवड्यातून एकदा पडत होतं. ९६ फ्लॅट, घरटी ५०० लिटर धरले तरी रोजचे ४८,००० लिटर होतात. एवढ्या पाण्याला त्या प्लांटचं रेझिन रोज मिठाने धुवायला हवं. मिठाचा खर्च वाढेल म्हणून हे धुणं हळूहळू कमी केलं गेलं होतं. मीटिंगमध्ये मी आकडे मांडले, दोन-तीन जणांनी साथ दिली, ठराव झाला, तीन महिने नीट चाललं. नंतर पुन्हा १८. तुमच्या सोसायटीत प्लांट असेल तर स्वतःचा सॉफ्टनर घेण्याआधी त्याचं पाणी मोजा. तो चालू झाला तर तुमचे चाळीस हजार वाचतील. माझ्या बाबतीत झालं नाही, पण माझा सल्ला अजूनही तोच आहे.

मग गिझर गेला. तीन वर्षांत दुसऱ्यांदा. दुरुस्तीला आलेल्या दादांनी कॉइल बाहेर काढून वर्तमानपत्रावर ठेवली, आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्याने टकटक केली, तर पांढरे, जाड, कवचासारखे तुकडे गळून पडले. टाकीच्या तळाला वाटीभर भुकटी. पाणी तापलं की त्यातलं विरघळलेलं बायकार्बोनेट फुटतं आणि कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसतं, म्हणजे खडू. इडलीपात्राच्या तळाशी जो पांढरा थर येतो तोच. कॉइलवर तो चढला की उष्णता पाण्याला पोचत नाही, कॉइल आतल्या आत जळते. त्या संध्याकाळी आम्ही सॉफ्टनर घ्यायचं ठरवलं.

मशीन आत काय करतं ते थोडक्यात. रेझिन म्हणजे साबुदाण्याहून बारीक, मधाच्या रंगाचे मणी. मण्यांवर सोडियम बसलेलं असतं. जड पाणी वरून गेलं की मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. सगळे मणी भरले की मिठाचं दाट पाणी सोडून कॅल्शियम धुऊन काढायचं. म्हणून मीठ लागतं, आणि म्हणूनच टीडीएसचं पेन सॉफ्टनरच्या पाण्यातही ७३० दाखवतं. ते बघून ‘मशीन बिघडलं’ म्हणणारे आमच्या मजल्यावर दोघे निघाले. थेंबाची तपासणी केली की पाणी पहिल्याच थेंबाला निळं.

आता डाळ.

पहिल्या सकाळी मी नेहमीसारखी तूर भिजवली, नेहमीसारखा सोडा हाताशी ठेवला, आणि मुद्दाम टाकला नाही. तीन शिट्ट्या. झाकण काढलं आणि रवी घालायची गरजच पडली नाही, पळीनेच वरण एकजीव झालं. मटकी, छोले, राजमा, सगळ्यांत फरक. डाळीच्या दाण्याला आतून सांधून ठेवणारं पेक्टिन असतं; पाण्यातलं कॅल्शियम त्याला घट्ट बांधतं, म्हणून जड पाण्यात दाणा शिजूनही फुटत नाही. सोड्याने तो फुटतो, पण वरणाला साबणासारखी चव येते आणि डाळीतलं बी-१ जीवनसत्त्व जातं. पाच वर्षं मी लोकांच्या डब्यात सोडा घातलेलं वरण पाठवलं, आणि माझ्या मनाला ते टोचत होतं. १९ किलोचा सिलिंडर आधी १२ दिवस जायचा, आता १४ जातो. सगळं श्रेय मशीनला देत नाही, कुकरही नवा आहे, पण बराचसा वाटा पाण्याचाच.

चहावर तरंगणारी ती मातकट साय गेली. पोळ्यांत मला काही फरक जाणवला नाही. कपड्यांची पावडर निम्म्यावर आली आणि ह्यांचे पांढरे शर्ट राखाडी व्हायचे थांबले. जड पाण्यात साबण कॅल्शियमला चिकटून दह्यासारखा फाटतो, तो चिकट थर कपड्यातच बसतो, मग पांढरा कपडा कितीही धुतला तरी उजळत नाही. केसांचं विचाराल तर मुलीचे केस राठ राहिले नाहीत, विंचरताना तुटत नाहीत. गळणं मात्र तेवढंच आहे. केस गळणं थांबेल असं सांगून सॉफ्टनर विकणाऱ्यांचं ऐकू नका.

सासूबाईंना पहिले पंधरा दिवस अजिबात आवडलं नाही. “अगं, साबण निघतच नाही अंगावरचा, किती तांबे घेऊ?” मऊ पाण्यात अंग बुळबुळीत लागतं, कारण साबणाचा तो फाटका थर कातडीवर बसत नाही. त्यांना जुनं ‘खरखरीत स्वच्छ’ वाटायचं ते त्या थराचं होतं. साबण अर्धाच घ्या म्हटल्यावर जमलं. हिवाळ्यात त्यांच्या पिंढऱ्यांची कातडी फुटायची, या वेळी खोबरेल तेल दोनदाच लागलं.

पिण्याच्या पाण्याबद्दल मात्र नीट समजून घ्या. प्रत्येक १०० मिलिग्रॅम जडपणा काढला की पाण्यात साधारण ४६ मिलिग्रॅम सोडियम येतं. आमच्या पाण्याला हा हिशेब लिटरमागे २२० च्या आसपास जातो. ह्यांना बीपी आहे, डॉक्टरांनी मीठ मोजून सांगितलेलं. म्हणून पिण्याचं पाणी आम्ही सॉफ्टनरनंतर आरओतून घेतो, आरओ ते सोडियम जवळजवळ सगळं काढून टाकतो. त्याचा उलटा फायदाही झाला: आरओच्या मेंब्रेनवर क्षार चढत नाहीत. आधी वर्षाच्या आत बदलायला लागायचं, आता चौदा महिने झाले तरी पाणी त्याच धारेने येतं. ज्यांच्याकडे आरओ नाही त्यांनी पिण्याच्या नळाला कच्च्या पाण्याची वेगळी लाइन ठेवावी आणि घरात बीपीचं किंवा किडनीचं कोणी असेल तर डॉक्टरांना विचारावं. विकणाऱ्याने हा विषय काढलाच नाही. मी विचारल्यावर “काही होत नाही हो ताई” एवढंच उत्तर मिळालं, आणि माहितीचे मी जे तीन गुण कापले त्यातला मोठा भाग याच उत्तराचा आहे.

झाडांनाही हे पाणी घालू नका, सोडियमने माती बिघडते. माझ्या तुळशीची पानं महिन्याभरात कडेने करपायला लागली तेव्हा लक्षात आलं. बोहरी आळीतून पितळी व्हॉल्व आणला आणि ड्राय बाल्कनीतला एक नळ मशीनच्या आधीच्या लाइनवर जोडून घेतला. बसवतानाच हे करून घ्या, नंतर पाइप कापून करायला मला ९०० रुपये जादा पडले.

आता त्रास. जुलैमध्ये एका सकाळी वरण पुन्हा तसंच झालं, कणीदार. मिठाची टाकी बघितली तर अर्धी भरलेली. मोजलं तर १६ थेंब. सर्व्हिसला फोन केला, तीन दिवसांनी येतो म्हणाले. बावीस डब्यांचं वरण होतं, थांबणं शक्य नव्हतं. मी लाटणं उलटं धरून मिठात खुपसलं, आणि ते एकदम खाली धसलं. पावसाळ्याच्या दमट हवेने मिठाचा वरचा थर दगडासारखा जमला होता आणि त्याखाली पोकळी. पाणी मिठाला लागतच नव्हतं, मशीन नुसत्या पाण्याने मणी धुवत होतं. थर फोडला, हाताने धुवायची फेरी लावली, दीड तासाने पाणी निळं. तेव्हापासून पावसाळ्यात टाकी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त भरत नाही आणि दर आठवड्याला काठी घालून बघते. त्याच महिन्यात गोळ्यांचं मीठ संपलं म्हणून वाण्याकडचं बारीक मीठ ओतलं होतं, त्याचा तळाशी चिखल झाला, तोही उपसला. सॉफ्टनरला गोळ्या किंवा स्वच्छ जाड खडेच वापरा.

वीज जास्त वेळ गेली की मशीनचं घड्याळ मागे पडतं. एकदा रात्री दोनऐवजी सकाळी नऊला धुवायला लागलं आणि तासभर नळाला कच्चं पाणी आलं. लाइट जाऊन आली की घड्याळ बघायची सवय ठेवा. जूनमध्ये टँकरमधून गढूळ पाणी आलं, गाळाचा फिल्टर आठ दिवसांत तुंबला. तो नसता तर ती माती मण्यांत गेली असती, म्हणून तो वगळून स्वस्तात बसवून देणारा कोणी भेटला तर नको म्हणा. आम्ही अकरापैकी चौथ्या मजल्यावर आहोत, टाकी वर असल्याने दाब पुरतो. सगळ्यात वरच्या मजल्यांवर दाबाचा पंप लागतो, त्याचा खर्च धरूनच ठरवा.

महिन्याचा हिशेब: रोज ६०० लिटर वापर, दर २,४०० लिटरला मशीन स्वतःला धुतं, प्रत्येक वेळी तीन किलो मीठ. महिन्याला २५ किलोच्या गोणीतलं थोडंसंच उरतं, गोणी ५०० रुपयांच्या आसपास. धुण्यात महिन्याला बाराशे ते चौदाशे लिटर पाणी गटारात जातं. टँकरचं पाणी विकत घेणाऱ्या सोसायटीत हे मला खरंच बोचतं. खारं असल्याने ते कशालाच वापरता येत नाही. जाहिरातीत याचा उल्लेख नसतो, म्हणून एक गुण कमी.

टाइल्सवरचे जुने डाग मशीनने जात नाहीत, हेही आधी समजायला हवं होतं. लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून, फडकं भिजवून नळांवर अर्धा तास गुंडाळून ठेवलं, दोन-तीन वेळांत नळ निघाले. टाइल्सना अजून चाललंच आहे. बाजारातलं कडक अ‍ॅसिड वापरलं तर टाइल्सच्या फटींतलं सिमेंट आणि नळाची चकाकी दोन्ही खातं. आमच्या आधीच्या कामवाल्या मावशींच्या हातालाही ते लागलं होतं, त्या दिवसापासून घरात आणलेलं नाही. आणि संगमरवर असेल तर लिंबूसत्त्वही लावू नका, तोही त्याच कॅल्शियमचा दगड आहे.

मागच्या गौरींना पुरण घरच्याच पाण्यात झालं. दोन्ही कॅन आता माळ्यावर आहेत, वीज जाऊन पंप बंद पडला तर लागतील म्हणून, पण भरून न ठेवता नुसते धुऊन ठेवलेत. आमच्या किंवा शेजारच्या सोसायटीतल्या कोणाला घ्यायचं मनात असेल तर आधी नळाचं पाणी स्वच्छ बाटलीत भरून घेऊन या, सॉफ्टनर असलेल्यांनी त्याच्या आधीचं आणि नंतरचं अशा दोन बाटल्या. साडेअकराला डबे जातात, त्यानंतर मी मोकळी असते, आणि किटमध्ये अजून चाळीसेक वेळा पुरेल एवढं द्रावण आहे.